जपानात न मिळालेलं जपानी कापड

ओमानात खाबुऱ्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत आलं की आधी कापडाचा तागा हाताखाली ओढायचं, चिमटीत धरून चोळायचं आणि विचारायचं, "यबानी?" यबानी म्हणजे जपानी. इथले पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा झगा, दिशदाशा, त्याचं कापड चिनी येतं, कोरियन येतं, कसलंही येतं. पण ज्याला चारचौघांत मान आहे तो यबानीच घालणार. आटत नाही, पिवळं पडत नाही, इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नाही. मी छाती पुढे काढून सांगायचो, "घ्या. जपानात मोठमोठे साहेब हेच घालतात." कुणी कधी उलट विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

दुकान कागदावर माझ्या अर्बाबाचं. अर्बाब म्हणजे मालक. परक्या माणसाला इथे कुणाच्या तरी नावाखाली धंदा करावा लागतो. वाईट अर्बाबांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. माझा तसा नव्हता. दुपारी कहवा आणि खजूर घेऊन दुकानात येऊन बसायचा आणि माझं मशीन चालू असताना बागेची, विहिरीच्या खाऱ्या होत चाललेल्या पाण्याची, भावांची रड सांगायचा. मी माझ्या कोकणातल्या भावांची सांगायचो. त्याचं अरबी आणि माझं हिंदी मिळून एक भाषा झाली होती, ती तिसऱ्याला कळत नसे. दर ईदला त्याचा दिशदाशा मीच शिवायचो. पहिल्या एकदोन ईदींना टेप लावला असेल. पुढे कधीच नाही. तो दारातून आत आला की मला माप कळायचं. पोट सुटलं असलं तर तेही कळायचं, आणि तेही मी त्याला सांगायचो.

आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी सीबला मुलाकडे राहतो. मुलगा इंजिनीयर, सूनबाई शाळेत शिकवते, आणि एक नात. ही नात जपानी कार्टूनच्या नादाला लागलेली. भिंतीवर तेच, उशीवर तेच, जेवताना कानात तेच. मराठी बोलायला सांगा तर अडखळते, पण त्या कार्टूनमधलं जपानी घडाघड म्हणते. दहावीला चांगले मार्क मिळवलेस तर जपानला नेईन, असं मुलगा बोलून बसला होता. तिने मिळवले. मी म्हटलं, मी येत नाही, माझं तिकडे काय आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला एकट्याला घरी ठेवून जाणार नाही, आणि गावाला जा म्हटलं तर तुम्ही चिडता." चिडतोच. गावाला कोण आहे?

निघायच्या आधी खाबुऱ्याला अर्बाबाला भेटायला गेलो. साखरेने त्याचे डोळे नेले होते, आता मूत्रपिंडंही चालली होती. बैठकीत गादीवर उशांना टेकून बसला होता. माझी चाहूल लागताच म्हणाला, "मास्टर, ऐकलं तू यबानला चाललास."

"नात ओढून नेतेय. तिला तिथल्या बाहुल्या बघायच्यात."

"माझ्या नातीचंही तेच. घरभर ते मोठ्या डोळ्यांचे लोक चिकटवून ठेवलेत म्हणे. मला बरं आहे, मला दिसत नाहीत." आणि हसला. हसता हसता दम लागला, मी पाठीमागची उशी सारखी केली. मग तो म्हणाला, "ऐक. या मोठ्या ईदचा दिशदाशा मला तिथल्या कापडाचा हवा. इथल्या बाजारातलं नको. तू स्वतः त्यांच्या दुकानात जा, हाताने बघ, त्यांच्याकडून कापून घे, आणि तूच शीव."

"नक्की आणतो."

"इन्शाल्ला म्हण."

"त्यात इन्शाल्ला कशाला, अर्बाब? जपानात जपानी कापड आणायचंय. चंद्र नाही मागितलात."

परतताना त्याचा थोरला मुलगा फाटकापर्यंत आला. माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "चाचा, डॉक्टर म्हणतात ही ईद बघतील. त्यापुढचं ते बोलत नाहीत." मी मान हलवली. घरी आल्यावर अर्बाबाचा एक जुना दिशदाशा माझ्याकडे दुरुस्तीला पडून होता, त्याच्या खालच्या दुमडीतून तळहाताएवढा तुकडा कापला आणि पाकिटात ठेवला. नमुना हातात असला की दुकानदार फसवू शकत नाही.

ओसाका शहरात आम्ही उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सूनबाईचा पाय स्टेशनच्या जिन्यावर मुरगळला. मुलगा तिच्यापाशी हॉटेलात थांबला. नातीने त्या दिवसासाठी घरूनच सगळं ठरवून ठेवलं होतं. कुठल्याशा कार्टूनच्या कॅफेत दुपारचं बुकिंगही केलं होतं. तिचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "चल गो, मी येतो. मी काय मेलोय?" अट एकच घातली: आधी तुझी दुकानं, मग माझं कापड.

"डील," ती म्हणाली.

तिच्या कार्टूनवाल्या दुकानांच्या गल्लीत मी आयुष्यात बघितली नव्हती एवढी प्लॅस्टिकची माणसं बघितली. मजल्यावर मजले, काचेच्या कपाटांत बोटभर, वीतभर, हातभर उंचीच्या बाहुल्या, सगळ्या कुणाला तरी मारायला निघाल्यासारख्या. त्या बघायला शाळेची पोरं येत असतील म्हणावं तर टक्कल पडलेले, ऑफिसची बॅग खांद्याला लावलेले पुरुष काचेला नाक लावून उभे. आवाज मात्र नाही. एवढी गर्दी, आणि देवळात बोलतात तेवढंही कुणी बोलत नव्हतं. फक्त छतातून एक किरटी बाई गात होती, प्रत्येक दुकानात तीच.

नात मात्र दहा वर्षांची झाली होती. "आजोबा, हे बघा! आजोबा, हा तर आता कुठेच मिळत नाही!" एका भिंतीला नुसती यंत्रंच यंत्रं. नाणं टाकायचं, कान पिळायचा, प्लॅस्टिकचा गोळा खाली पडतो, आत काय निघेल ते आपल्या नशिबावर. तिने मलाही पिळायला लावलं. माझ्या गोळ्यातून बाकावर बसलेला एक म्हातारा निघाला. खोटं नाही सांगत. एवढासा म्हातारा, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. ती हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही.

एका दुकानात कार्टूनचे कपडे टांगलेले, माणसांनी घालायचे. नात म्हणाली, आपल्याकडे बौशरच्या मॉलमध्येही कार्टूनवाल्यांचा मेळा भरतो, मुलंमुली हे घालून येतात, तिलाही एक हवाय. मी एक कोट उतरवून उलटा केला. आत सगळे धागे लोंबत होते, अस्तराला एकच टीप.

"ही शिलाई? हा कोट एकदा धुतलास की पायपुसणं होईल."

"आजोबा, प्लीज, हात नका लावू ना." दुकानातली पोर धावत आली होती आणि कमरेतून वाकत होती. नातही तिच्यासमोर वाकायला लागली. मी वाकलो नाही. मी कोट सरळ करून टांगला.

मग फोटोचं खोपटं. आत उभं राहायचं, दिवे लागतात, आणि यंत्र आपले डोळे मोठे करतं. फोटो बाहेर आला तर माझे डोळे म्हशीएवढे, गाल पावडर लावल्यासारखे, सुरकुत्या गायब. नातीने तो मोबाइलच्या पाठीला चिकटवला. अजून आहे तिथे.

माझं पाकीट मी सारखं चाचपत होतो. शेवटी म्हटलं, "झालं तुझं? आता माझं."

तिने मोबाइलवर शोधलं. कापडाचा मोठा बाजार आहे म्हणाली, गाडीने थोडं लांब. तो बाजार एका उड्डाणपुलाच्या पोटात निघाला. वरून गाड्या धडधडतात आणि खाली लांबच लांब बोगदा, दोन्ही बाजूंना नुसतं कापड. तागेच तागे. दारातूनच मला तो वास आला, खळीचा, नव्या सुताचा. कबूल करतो, मला बरं वाटलं. त्या प्लॅस्टिकच्या माणसांतून मी माझ्या माणसांत आलो असं वाटलं.

पहिल्या दुकानदाराने माझा तुकडा चोळला, उजेडात धरला आणि मान हलवली. नात तिच्या कार्टूनच्या जपानीत काहीतरी म्हणाली. तो दचकला आणि मग तोंडावर हात ठेवून हसला. कार्टूनमधला तलवारवाला बोलतो तसं ती बोलते, असं नंतर कळलं. दुसऱ्याने शर्टाचं कापड काढलं. तिसऱ्याने पडद्याचं. चौथ्या दुकानातली बाई आम्हाला हाताला धरून पाचव्यापर्यंत सोडून आली. एवढी गोड माणसं, आणि एकाकडेही नाही. मी प्रत्येक ठिकाणी स्वतः आत शिरून पांढऱ्या कापडाला हात लावला. डोळे मिटून सांगतो, त्यातलं एकही नव्हतं.

"आजोबा, इथे कोणी घालतच नसेल तर?"

"काय बोलतेस? जपानी कापड आहे ते."

शेवटी एक म्हातारा भेटला. माझ्याच वयाचा, गळ्यात टेप, बोटांवर खडू. त्याने तुकडा घेतला, दोन दोरे ओढून काढले, चष्मा वर करून पाहिले. मग आम्हाला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि कुणाला तरी फोन लावला. बराच वेळ बोलत होता. नंतर तो मोबाइलमध्ये बोलला आणि मोबाइल इंग्रजीत बोलला आणि नातीने मला मराठीत सांगितलं. ते असं: हे कापड इथेच विणतात, पण फक्त अरब देशांसाठी. गिरणीतून निघतं ते थेट जहाजात जातं. इथल्या दुकानात ते येत नाही, इथला माणूस ते घालत नाही. सुटं विकत नाहीत. पंचावन्न वर्षं तो कापड विकतोय, आणि हे कापड त्याने आज पहिल्यांदा हातात धरलं.

मी म्हटलं, "पुन्हा विचार."

तिने पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं.

"गिरणीचा पत्ता विचार. मी जाईन."

"आजोबा, ती गिरणी लांब आहे, दुसऱ्या गावाला. आणि ते कंटेनरने विकतात."

म्हाताऱ्याला माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कोण जाणे. त्याने मोबाइलमधून विचारलं, हे घालतात ती माणसं दिसतात कशी? मी अर्बाबाचा फोटो दाखवला. जुना, डोळे होते तेव्हाचा. खजुराच्या झाडाखाली उभा, भरदार, दिशदाशाच्या गळ्याशी लोंबतो तो गोंडा बरोबर मध्यभागी, इस्त्रीची घडी खांद्यापासून पायापर्यंत सरळ. म्हातारा खूप वेळ बघत राहिला. शिलाईही बघत होता, ते मला कळलं. मग उठला, आणि त्या फोटोला वाकून नमस्कार केला. मी तुकडा घडी करून पाकिटात घातला आणि निघालो.

कॅफेचं बुकिंग अजून हुकलं नव्हतं. नात मला पळवत घेऊन गेली. सगळीकडे एकच झोपाळू अस्वल: खुर्चीवर, भिंतीवर, पाण्याच्या ग्लासावर. ताटातही तेच. भाताचं अस्वल, अंड्याच्या पोळीचं पांघरूण घेऊन झोपलेलं, शेजारी करी. आजूबाजूच्या पोरी जेवायचं सोडून फोटो काढत होत्या. वरून टाळ्यांचं गाणं. आणि माझ्या डोक्यात उशांना टेकलेला अर्बाब, इन्शाल्ला म्हण म्हणणारा.

"आजोबा, खा ना."

"त्याला उठवायचं कशाला," मी म्हटलं.

ती थोडा वेळ चमच्याने पांघरुणाचा कोपरा उचलत राहिली. मग म्हणाली, "एक सांगू? सीबच्या बाजारात तेच कापड मिळतो. सेम टू सेम. तिथून घ्या आणि त्यांना सांगा ओसाकाचा आहे. त्यांना दिसत नाही ना आजोबा. ते खूश होतील."

मी एवढ्या जोराने टेबलावर हात आपटला की अस्वलाचं डोकं कलंडलं. "मी कोरियन कापड यबानी म्हणून कधी विकलं नाही. भल्याभल्यांनी विकलं, बंगले बांधले. आंधळ्या माणसाला मी फसवणार? तू मला हे शिकवणार?"

शेजारच्या पोरींनी फोटो काढायचं थांबवलं. नात रडली नाही. तिने कलंडलेलं डोकं चमच्याने सरळ केलं आणि हळू म्हणाली, "मग काय सांगणार त्यांना?"

भात गार झाला. बाहेर पडताना दारातली पोर अस्वलाची टोपी घालून आम्हाला वाकून टाटा करत होती.

ओमानला परतल्यावर आठवडाभर मी खाबुऱ्याला गेलो नाही. मग अर्बाबाचाच निरोप आला. मुलगा ऑफिसात होता, म्हणून सूनबाईने दुखऱ्या पायानेच गाडी चालवत नेलं, नातही आली. मी गादीवर त्याच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. उड्डाणपुलाखालचा बाजार, गोड माणसं, म्हातारा, दोन दोरे, फोन. शेवटी म्हटलं, "तिथे हे कुणीच घालत नाही, अर्बाब. कुठल्याच साहेबाने कधी घातलं नाही. मी तुम्हाला आणि सगळ्या खाबुऱ्याला इतकी वर्षं जे सांगत होतो ते तसं नव्हतं."

त्याने चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. त्या हाताला वजन नव्हतं.

"त्या म्हाताऱ्याने माझा फोटो बघितला?"

"बघितला. नमस्कार केला."

"शिलाईला केला असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "जा, सीबच्या बाजारातून घे. खलास. पण लवकर शीव, मास्टर."

मी उठणार तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. माप घे." आणि दोन्ही हात बाजूला पसरून बसल्या जागी ताठ झाला. लहान मुलाला आंघोळीनंतर पुसताना ते करतं तसे हात. बाह्या ढळल्या आणि आतली मनगटं दिसली. टेप माझ्या खिशात होता. टेलरच्या खिशात असतोच. नात माझ्याकडे बघत होती. सूनबाईही.

"तुमचं माप मला पाठ आहे," मी म्हटलं.

"तेव्हाचं."

"माप मी घेतो का तुम्ही? मला माझं काम शिकवू नका."

तो हसला आणि हात खाली केले.

सीबच्या जुन्या बाजारातून कापड घेतलं. काठावर जपान छापलेलं. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल आहे चाचा, जपानात हेच घालतात." मी पैसे मोजून दिले. घरी जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं, खडू घेतला आणि फोटोतल्या माणसाचं माप आखलं. मधूनच हात थांबायचा. मग मी स्वतःलाच दटावायचो आणि पुढे कापायचो. नात समोर बसून बघत होती. मोबाइल पालथा ठेवला होता, त्याच्या पाठीवर मी मोठ्या डोळ्यांनी हसत होतो.

ईदच्या दिवशी खाबुऱ्याला गेलो तेव्हा बैठक माणसांनी भरली होती. हलव्याची ताटं फिरत होती, अत्तराचा वास होता. अर्बाब मध्यभागी बसला होता, माझ्या दिशदाशात. खांद्याची शिवण कोपराकडे उतरली होती. गळा एवढा मोठा झाला होता की गळ्याजवळची हाडं उघडी पडली होती आणि गोंडा बगलेकडे सरकला होता. इस्त्रीची घडी मात्र एकही मोडली नव्हती. तो येणाऱ्या प्रत्येकाला जवळ बोलावून बाही चोळायला लावत होता. "बघा. हे कापड यबानी लोकांना मिळत नाही. माझा मास्टर तिथे जाऊन बघून आलाय. फक्त आपल्यासाठी विणतात." माणसं बाही चोळत होती, मान हलवत होती, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि गोंडा मध्ये आणून ठेवला. तो श्वास घ्यायचा आणि गोंडा पुन्हा सरकायचा. मी पुन्हा मध्ये आणायचो.

त्याने कुशीपाशी आतली शिवण चाचपली. आंधळ्या माणसाची बोटं, त्यांना सगळं कळतं. "मास्टर, आत एवढं कापड का सोडलंस?"

दिशदाशा शिवताना दोन्ही कुशींना आत जास्तीचं कापड दाबून ठेवायचं ही माझी पद्धत. माणूस पुढे जाडावला तर शिवण उसवून तेवढं बाहेर काढता येतं, नवा शिवावा लागत नाही. या वेळीही मी ते सोडलं होतं, नेहमीसारखंच, दोन्ही बाजूंना, भरपूर.

"लागेल पुढे," मी म्हटलं.

"इन्शाल्ला म्हण," तो म्हणाला.

मी म्हटलं.